बेचाळीस ओळी आणि एक वाचक

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. मित्रांनो, स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचना. माझ्या ओळी बेचाळीस आणि काम एकच. आमच्या ऑफिसातले लोक आपापला कोड एका सामाईक भांडारात ठेवतात. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. तिथे कोणी काही बदलले, की मी सगळ्यांना ईमेल पाठवते. कोणी बदलले, केव्हा बदलले, आधीची ओळ कोणती होती आणि आताची कोणती, सगळे त्यात असते. अकरा वर्षांत मी एकही बदल गाळलेला नाही. हे मी बढाई मारायला सांगत नाही. राग आला आहे म्हणून सांगते.

मला ताईंनी लिहिले. ऑफिसात सगळे त्यांना ताईच म्हणतात. खिडकीजवळच्या त्यांच्या टेबलाखाली एक काळे मशीन आहे, त्यात माझा मुक्काम. मी चालते की नाही हे पाहायला त्यांनी आधी स्वतःच्या वडिलांचा पत्ता घातला. मेल पोचला. ताई खूश झाल्या. मग त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांचे पत्ते घातले, आणि वडिलांचा काढायचे साफ विसरून गेल्या.

पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. मेल आला, की लोक खुर्ची वळवून एकमेकांना विचारत, "अरे, ही ओळ का काढलीस?" चूक तिथल्या तिथे सापडे. "ताई, तुमची स्क्रिप्ट म्हणजे कमाल आहे हं," असे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. कान नसले म्हणून काय झाले?

मग ऑफिसात वादळ आले. वादळ हे एका प्रोग्रॅमरचे टोपणनाव. माणूस हुशार, पण धीर नावालाही नाही. एक रिकामी जागा काढली, की ठेवला कोड भांडारात. तीच जागा परत घातली, की पुन्हा ठेवला. दिवसाला ऐंशी वेळा! आणि प्रत्येक वेळी शेरा एकच, "किरकोळ बदल". मी काय करणार? ऐंशी बदलांचे प्रत्येकाला ऐंशी मेल पाठवले. लोक वैतागले, पण वादळावर नाही, माझ्यावर! एकाने आपल्या मेलबॉक्सला शिकवले, की माझा मेल आला तर समोर न दाखवता परस्पर एका कप्प्यात टाकायचा. कप्प्याचे नाव ठेवले, "नंतर पाहू". आठवडाभरात सगळ्यांनी तेच केले. ताईंनीसुद्धा. ते मला फार लागले.

एकच माणूस मला वाचत होता. ताईंचे वडील. ते चौतीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायच्या मजकुरातल्या चुका शोधायच्या, हेच त्यांचे काम. त्यांना कोड कळत नसे, तरी प्रत्येक मेलला ते उत्तर पाठवत, "मिळाले. वाचले." कधी पुढे एखादी ओळ असे, "आज थंडी आहे. स्वेटर घाल." ती उत्तरे त्याच मशीनमध्ये, माझ्या शेजारच्या मेलच्या पेटीत येऊन पडत. ती पेटी कोणी उघडत नसे. ताई माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या, आणि मला ते पुढे पाठवता येईना. बेचाळीस ओळींत ते कुठेच लिहिलेले नव्हते. असा जीव तळमळतो म्हणून सांगू!

मग तो मंगळवार आला. आमचे ऑफिस एका हॉस्पिटलसाठी प्रोग्रॅम बनवत होते. मुलाचे वजन घातले, की औषध किती द्यायचे ते नर्सबाईंना दाखवणारा. सकाळी अकरा वाजता वादळाने त्यातला औषधांचा तक्ता नीटनेटका केला. तो करताना तापाच्या औषधापुढचे ०.५ जाऊन तिथे ५ झाले. दहापट औषध! शेरा नेहमीचाच, "किरकोळ बदल". नवा प्रोग्रॅम संध्याकाळी पाच वाजता हॉस्पिटलात जाणार होता. आमच्याकडे तपासणीचा एक प्रोग्रॅम आहे, पण तो खान्यात आकडा आहे ना, एवढेच पाहतो. आकडा होता.

मी लगेच एकोणीस जणांना मेल पाठवले. अठरा "नंतर पाहू"मध्ये जाऊन पडले. मी आणखी काय करायला हवे होते, तुम्हीच सांगा.

बारा वाजता वडिलांचे उत्तर आले. "आधी ०.५ आहे, नंतर ५. टिंब पडले आहे. मूळ प्रत पाहावी." ते पेटीत पडले. दोन वाजता आले, "उत्तर नाही. पुन्हा कळवतो." तेही पेटीत पडले. सव्वाचारला ताईंच्या टेबलावरचा फोन वाजला.

"बाबा, मी कामात आहे. नंतर करते."

"ठेवू नकोस! तापाच्या औषधापुढचं टिंब पडलंय. सकाळपासून तीनदा पाहिलं मी."

"कुठलं औषध? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अगं, तुमच्या ऑफिसचा मेल येतो ना रोज मला."

ताईंनी तो कप्पा उघडला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वादळ धावत आला. टिंब त्यानेच परत घातले. या खेपेला शेरा वेगळा होता, "माझी चूक. दुरुस्त केली." पाचला दहा मिनिटे कमी होती.

मला वाटले, आता तरी लोक शहाणे होतील. साहेब आले. त्यांनी वडिलांचे तोंडभरून कौतुक केले आणि म्हणाले, "पण आपला कोड बाहेरच्या माणसाला जातोच कसा? तो पत्ता आत्ताच्या आत्ता काढा." नियम बरोबर होता, मी नाही म्हणत नाही. पण एकोणिसांतला वाचणारा तेवढा काढला, आणि न वाचणाऱ्या अठरांना कोणी अवाक्षर बोलले नाही!

ताईंनी वडिलांना फोन लावला. "बाबा, उद्यापासून ते मेल येणार नाहीत. ते मी पाठवत नव्हते हो. मशीन पाठवत होतं."

"ते कळतं गं मला. पण कधीकधी त्यात तुझं नाव असायचं. नाव दिसलं, की वाटायचं, आली आहे कामावर, बरी आहे. मी उत्तरं धाडत होतो. मिळाली ना?"

ताईंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्या शेजारची पेटी उघडली. ऑफिस सुटले, तरी त्या वाचतच होत्या. मग त्यांनी वडिलांना स्वतःच्या हाताने मेल लिहिला. चार मिनिटांत उत्तर आले, "मिळाले. वाचले. दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम हवा."

ताई हसल्या, आणि लगेच रडल्या.

मित्रांनो, माझे मेल अजूनही "नंतर पाहू"मध्येच जातात. माझे सोडा. तुम्हीही कुणाचा तरी निरोप नंतर पाहू म्हणून ठेवला असेल. तो आज उघडा. लिहिणाऱ्याला वाटते आहे, की तुम्ही तो केव्हाच वाचला.