दानपेटीचे दुसरे कुलूप

मित्रांनो, एका सज्जन मनुष्याच्या हृदयातून आनंद कसा निघून गेला, आणि पश्चात्ताप व विश्वास यांच्या वाटेने तो पुन्हा घरी कसा आला, तो वृत्तांत मी आज आपणापुढे यथामती निवेदन करणार आहे. जे मी प्रत्यक्ष पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन, आणि जे मला नुसते वाटले ते वाटले म्हणूनच सांगेन. हा भेद फार मोलाचा आहे. तो न पाळल्यामुळेच पुढील सर्व अनर्थ घडला.

मी एक जुने लोखंडी कुलूप आहे. एका धुरकट कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात खटके बसवले, कडी वाकवली, अंगावर काळा रंग चढवला. मग एका कारागिराने मला बंद केले आणि जोराने ओढून पाहिले. या जगात माझे पहिले स्वागत असे झाले. तेव्हापासून आजपर्यंत मला लावणाऱ्या प्रत्येक मनुष्याने मला ओढून पाहिले आहे. ज्याच्या भरवशावर घर सोडून जायचे, त्या कुलपावरही मनुष्याचा भरवसा नसतो! अशा संगतीत वाढलेल्याचा स्वभाव संशयी झाला, तर त्यात नवल ते काय?

कित्येक महिने मी एका दुकानात खिळ्याला टांगलेले होते. एके दिवशी तेथे एक घड्याळजी आला. तो आपल्या चर्चचा खजिनदार होता.

"सायकलला पाहिजे की कपाटाला?" दुकानदाराने विचारले.

"पेटीला. चर्चच्या दानपेटीला."

"तिला आहे की कुलूप! मागच्या खेपेला तेल तुम्हीच नेलंत ना त्याच्यासाठी?"

"आहे. आणखी एक पाहिजे."

दुकानदाराने एक डोळा बारीक केला. "म्हणजे घरातलंच कोणीतरी आहे म्हणा!"

घड्याळजीने पैसे मोजून दिले. परंतु त्याचा तळहात घामाने ओला झाला, हे मी स्वतः अनुभवले, कारण मी त्याच हातात होते.

तर मित्रांनो, माझी खरेदी अशी शंकेच्या पोटी झाली. झाले होते ते असे. चर्चमध्ये एक नवा रखवालदार लागला होता. तो स्वभावाने भला, परंतु बोलायला लागला की थांबत नसे. त्याने घड्याळजीला गाठून सांगितले होते, "दादा, काल दुपारी तुमच्या वहिनींनी पेटी उघडली होती. आत हात घालून बराच वेळ काहीतरी काढत होत्या. मला बघून दचकल्या. म्हणाल्या, कुणाला सांगू नका. पण तुम्ही काय, घरचेच!"

ही वहिनी म्हणजे घड्याळजीच्या थोरल्या भावाची विधवा. ती शिवणकाम करून पोट भरीत असे आणि दर रविवारी चर्चमध्ये पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन वाजवीत असे. घड्याळजीची आई लवकर वारली, तेव्हा या वहिनीनेच त्याला लहानाचे मोठे केले होते, आणि गायलाही तिनेच शिकवले होते. त्याचा आवाज खर्जातला. तो गाऊ लागला की खिडक्यांच्या काचा थरथरत, असे लोक सांगत. तो घड्याळे दुरुस्त करताना गाई, जिना चढताना गाई. त्याचा आनंद एवढा मोठा होता की शेजाऱ्यांना त्याचा त्रास होई.

रखवालदाराचे ते बोलणे ऐकले आणि घड्याळजीच्या मनात पाल चुकचुकली; पेटीची किल्ली त्याच्या घरी खुंटीला असे आणि वहिनीची तेथे ये-जा होती. त्या रविवारी त्याने पेटी उचलली तर ती त्याला हलकी वाटली. वहिनीच्या खिडकीला नवा पडदा दिसला, तेव्हा ती आणखी हलकी वाटली. त्याने कोणाजवळ ब्र काढला नाही. वहिनीलाही विचारले नाही. तो फक्त दुकानात गेला आणि मला घेऊन आला.

दानपेटी दाराजवळच्या कोनाड्यात ठेवलेली होती. तिला आधीचे एक पितळी कुलूप होते. त्याला मी थोरले कुलूप म्हणत असे. ते मला म्हणाले, "बाळा, मी इथे कधीपासून आहे. मला तर कोणी परक्यानं हात लावलेला आठवत नाही."

"तुला डुलकी लागली असेल," मी म्हणाले. मी तरुण होते आणि मला कामगिरी हवी होती. चोरच नसेल तर माझे महत्त्व ते काय?

पहिल्याच रविवारी वहिनी आपले दान घेऊन पेटीपाशी आली आणि मला पाहून थबकली.

"अगंबाई! भाऊजी, दोन दोन कुलपं? आत काय राजाचा खजिना ठेवलात?"

भोवतालचे लोक हसले. घड्याळजी हसला नाही. "काळ वाईट आहे, वहिनी."

"कुणाचा?"

त्याने हात पुढे केला. "द्या इकडे. मी टाकतो."

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

"काही नाही. म्हटलं, मी टाकतो."

वहिनीने त्याच्याकडे पाहिले. मग दान त्याच्या हातावर ठेवून ती निमूटपणे ऑर्गनकडे गेली. मी मात्र तिच्या बोटांवर पाळत ठेवली. ती बोटे मला फार चपळ वाटली. आता विचार करते तेव्हा कळते, की ऑर्गन वाजवणाऱ्याची बोटे चपळ असायचीच. परंतु संशयाला एवढे कोठले कळायला!

मित्रांनो, दुसऱ्या कुलपाचा एक विचित्र गुण आहे. पहिले कुलूप पाहून कोणाला काही वाटत नाही. दुसरे पाहिले की प्रत्येकाला वाटते, काहीतरी घडले खास. बायका कुजबुजू लागल्या. पुरुष दान टाकताना मागे वळून पाहू लागले. स्वतः पाळकसाहेबांनी एकदा हसत हसत विचारले, "काय हो, हे माझ्यासाठी नाही ना?" ते हसले खरे, परंतु उत्तरासाठी फार वेळ थांबून राहिले.

घड्याळजीने गाणे सोडले. तो गीतपुस्तक हाती धरी, ओठही हलवी, परंतु आवाज काही निघत नसे. हे मला पक्के ठाऊक आहे, कारण तो पेटीच्याच बाजूला उभा राही, राखण करीत. काही रविवारांनी वहिनी ऑर्गन सोडून शेवटच्या बाकावर बसू लागली. त्यानंतर यायचीच बंद झाली.

"बघ!" मी थोरल्या कुलपाला म्हणाले. "खाई त्याला खवखवे."

थोरले कुलूप म्हणाले, "खवखवतंय खरं. पण कुणाला, ते नीट बघ."

ऑर्गनवाचून उपासनेचे हाल झाले. गाणे कोणी सुरू करायचे येथूनच अडे. एक टोक वर चढे, दुसरे खाली रेंगाळे, आणि मधली मंडळी खोकून वेळ काढी.

एके दिवशी सकाळी घड्याळजी पेटी रिकामी करायला आला असता रखवालदार झाडू टेकवून उभा राहिला.

"दादा, पेटीचं काहीतरी बघा. आत परत खुडबुड ऐकू येते."

"पेटीत? पेटीत कसली खुडबुड?"

"उंदीर हो! मागे वहिनींनी आत हात घालून पिल्लं काढली नव्हती का? उंदरीण पुन्हा व्याली असणार. तेव्हाच तुम्हाला सांगितलं होतं मी."

घड्याळजीची किल्ली माझ्या पोटात होती. ती तेथेच थांबली.

"कोणती पेटी?" त्याने विचारले.

"ही काय, वाजवायची!" रखवालदाराने झाडूने ऑर्गन दाखवला. "आमच्याकडे हिला पेटीच म्हणतात."

"मग... मग कुणाला सांगू नका, असं का म्हणाल्या त्या?"

"पंचमंडळींना कळलं असतं तर उंदरांनी खाल्लेली म्हणून भंगारात नसती काढली? वहिनी म्हणाल्या, भाऊजी हिच्यावर गायला शिकलेत, हिला मोडीत जाऊ द्यायची नाही."

रखवालदार झाडायला निघून गेला. घड्याळजी तेथेच जमिनीवर बसला. मला वाटले, आता हा रडेल. तो रडला नाही. त्याने मला काढले, चोरासारखे इकडेतिकडे पाहिले आणि खिशात टाकले. मला त्याची युक्ती लगेच कळली. त्याने तोंडाने कोणावर आरोप केलेला नव्हता. कुलूप गुपचूप गेले की शंकाही गुपचूप गेली, आणि कोणाला काही सांगायला नको!

पुढच्या रविवारी त्याने गायला तोंड उघडले. घशातून नुसती हवा आली. उपासना संपल्यावर तो एकटाच मागे राहिला आणि गुडघ्यांवर टेकून प्रार्थना करू लागला. "प्रभू, माझा आनंद मला परत दे," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. परंतु त्याचा एक हात खिशावर होता आणि खिशात मी होते. मला त्या प्रार्थनेचा संशय आला. आनंद ज्या दाराने बाहेर गेला, ते दार सोडून हा दुसऱ्याच खिडकीतून त्याला हाका मारीत होता. बहुधा त्यालाही ते उमगले. मधेच त्याची प्रार्थना थांबली. तो उठला आणि थेट वहिनीच्या घरी गेला.

वहिनी शिलाई मशीनवर होती. तोंडात टाचण्या धरूनच ती बोलली.

"या. माझं घड्याळ तर चालू आहे. मग कसं येणं केलंत?"

त्याने मला कापडाच्या ढिगाऱ्यावर ठेवले.

"हे काय?"

"कुलूप."

"ते दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे अजून."

"वहिनी, हे मी तुमच्यासाठी आणलं होतं. म्हणजे... तुमच्यापासून पेटी राखायला."

मशीनचे चाक थांबले. मग त्याने सगळे सांगितले. रखवालदाराचे बोलणे, हलकी पेटी, तिच्या हातून काढून घेतलेले दान. पडद्याचेही सांगितले.

"हा पडदा?" वहिनी म्हणाली. "गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांचा आहे. जवळ जाऊन बघा, जोडच जोड दिसतील." तिने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या. "विचारायचं होतंत, भाऊजी. चार शिव्या खाल्ल्या असत्यात, पण खरं कळलं असतं."

"चुकलो मी."

"चुकलो म्हणजे? घड्याळ पाच मिनिटं चुकतं, तसं?"

"नाही." त्याची मान खाली गेली. "पाप केलं. तुमच्याविरुद्ध केलं आणि देवाविरुद्ध केलं. मला क्षमा करा."

वहिनीने हातातले कापड बाजूला सारले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. आणि मग, मित्रांनो, ती एकाएकी हसू लागली. मला हे हसणे मुळीच आवडले नाही. काहीतरी डाव असावा, असे मला वाटले.

"मला काय वाटत होतं, सांगू? मला वाटलं, पेटीत तुम्हीच काहीतरी घोळ केलाय आणि साव दिसायला दुसरं कुलूप लावलंय. पक्की खात्री होती माझी! म्हणून यायची बंद झाले. माझ्या तोंडून तुमचं नाव निघायला नको."

घड्याळजीने आ वासला. "माझ्यावर? वहिनी, माझ्यावर संशय?"

"का? तो काय तुम्हालाच घेता येतो? तुम्हीही मला क्षमा करा आता."

दोघांनी एकमेकांना क्षमा केली. दोघांनी मिळून प्रार्थनाही केली. तरी घड्याळजी उठेना.

"वहिनी, तुम्ही क्षमा केलीत. पण देवानं केली असेल का? आत अजून मोकळं वाटत नाही."

"त्याच्याजवळ कबूल केलंत?"

"केलं."

"ख्रिस्तानं याच पापासाठी जीव दिला, हे मानता ना?"

"मानतो."

"मग भाऊजी, त्याच्या शब्दालाही दुसरं कुलूप लावणार आहात का?"

मी त्या वेळी कापडाच्या ढिगाऱ्यावरच होते. घड्याळजी आधी माझ्याकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. त्याने मला उचलून पुन्हा खिशात टाकले. आणि जिना उतरताना त्याच्या छातीतून एक खोल गुणगुण निघाली. मी खिशात होते, म्हणून ती मला प्रथम ऐकू आली. कोठे मोटार चालू झाली की काय, असे मला वाटले.

पुढच्या रविवारी तो सर्वांसमोर उभा राहिला. शंका सर्वांत पसरली होती, म्हणून कबुलीही सर्वांपुढेच दिली पाहिजे, असे तो म्हणाला. त्याने पेटीच्या किल्ल्या पंचांच्या पुढ्यात ठेवल्या. तेवढ्यात मागून रखवालदार कळवळून म्हणाला, "पण मी तर स्पष्ट पेटी म्हणालो होतो!" आणि कधी नव्हे ते चर्चमध्ये खो खो हशा पिकला. पाळकसाहेब सर्वांत जास्त हसले. पंचांनी किल्ल्या त्यालाच परत दिल्या. वहिनी ऑर्गनवर बसली. उंदरांनी आतले कातडे कुरतडले होते, त्यामुळे ऑर्गन मधूनच शिंकल्यासारखा आवाज करी. घड्याळजी अशा काही आवाजात गायला, की वहिनीला वाजवता वाजवता मान वळवून सांगावे लागले, "भाऊजी, हळू! इतरांनाही गाऊ द्या!"

त्याने काही ऐकले नाही.

आता मी चर्चच्या बागेतल्या अवजारांच्या खोलीला असते. अंगावर गंज चढला आहे, तेल द्यायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. तक्रार नाही. फावड्याची राखण करण्यात लाज कसली? परंतु बाळगोपाळांनो, एक विनंती आहे. कुलूप दाराला लावा, कपाटाला लावा, आणि वरचेवर तेलाचे दोन थेंब द्या. माणसाला मात्र लावू नका. कोणाविषयी मनात किंतु आला तर त्याच्यापाशी जा आणि विचारा. आणि दोष आपलाच निघाला तर तो झाकून ठेवू नका. मी लोखंडाचे आहे. मला कोणीतरी बाहेरून उघडावे लागते. तुम्हाला देवाने आतून उघडता येईल असे घडवले आहे.

माझे हे ओबडधोबड बोलणे आपण शेवटपर्यंत ऐकून घेतलेत, याबद्दल सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपले नम्र,
धाकटे कुलूप