बुकातला धवला

हरेशला बक्षीस मिळालं त्या दिवशी त्याच्या गावात कुणाला पत्ताही नव्हता. राहायला वाशिंदच्या नव्या वसाहतीत, नोकरी तिथल्याच कारखान्याच्या ऑफिसात, गाव किन्हवलीजवळ, आणि पुस्तकावर नाव काय तर 'हरेश किन्हवलीकर'! रेशनकार्डावर असलं आडनाव शोधून सापडायचं नाही. पण माणूस कवी झाला की एवढी हौस चालायचीच.

कल्याणातल्या एका वाचनालयानं त्याच्या 'हळदीची वाटी' या कवितेला त्या वर्षीची उत्तम कविता ठरवलं होतं. संध्याकाळी पाच वाजता शाल, नारळ, टाळ्या, सगळं यथासांग झालं. आणि साडेसात वाजता हरेश एका हॉटेलच्या एसीत तळलेले बोंबील समोर घेऊन बसला होता. सोबत दोघं. एक दीपेश, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, मूळचा मुरबाडकडचा, आता कल्याणात हार्डवेअरचं दुकान टाकून बसलेला. दुसरे अनिलसर. कॉलेजात मराठी शिकवणारे आणि बक्षिसाच्या परीक्षकांपैकी एक. त्यांच्याशी हरेशची ओळख अडीच तासांची, पण सर त्याच्या पाठीवर असे थाप मारत होते की जणू त्यांनीच त्याला हाताला धरून लिहायला शिकवलं.

"काय लिहिलंयस रे, हरेशराव! एक शब्द इकडचा तिकडं करायची सोय नाही."

हरेश हसला आणि त्यानं बोंबलाचा काटा उगाच दोनदा काढला. कारण शब्द इकडचे तिकडे त्यानंच केले होते. तेवढंच केलं होतं.

आता लपवून काय करायचं! ती कविता त्याची नव्हती. कमळाबाई धवलारीण त्याच्या चुलतबहिणीच्या, पूजाच्या हळदीला आली होती. धवलारीण म्हणजे आपल्याकडं लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले, म्हणजे विधीची गाणी, म्हणणारी बाई. ती मांडवात बसल्याशिवाय हळद लागत नाही. पूजाला आई नव्हती. कमळाबाईनं एक धवला असा म्हटला की वाजंत्रीवालेसुद्धा गप्प झाले. हरेशनं तो मोबाइलात भरून घेतला, घरी येऊन कागदावर उतरवला, 'नाय'चं 'नाही' केलं, 'आय'ची 'आई' केली, ओळीओळीला येणारे 'गो' खोडले. झाली कविता. खाली 'कमळाबाईकडून ऐकलेलं' असं लिहायचं, हे त्यानं ठरवलं होतं, देवाशप्पथ ठरवलं होतं. पण प्रकाशक म्हणाला, संग्रहातली हीच सगळ्यात चांगली आहे. झालं. मग त्या ओळीला जागाच उरली नाही. कमळाबाईला अक्षरओळख नाही, तिला कुठं कळतंय, अशी मनाची समजूत घालून हा बाबा मोकळा झाला. मोकळा कसला! तेव्हापासून लग्नाची पत्रिका आली की तो न जाण्याची सबब शोधायचा.

पावणेआठला दीपेशची बायको नम्रता आली. ती एका दवाखान्यात नर्स. ड्युटी संपवून थेट हॉटेलात, समारंभ हुकलेला.

"सॉरी हं, भावजी," ती बसता बसता म्हणाली. "दुसरी सिस्टर टाइमवर आलीच नाय. कविता ऐकवा आता, त्याशिवाय मी जेवनार नाय."

"अहो वहिनी, पुस्तक देतो ना. निवांत वाचा."

"ऐकव रे!" दीपेश म्हणाला. "एवढा काय भाव खातोस?"

अनिलसरांनी पुस्तक उघडून त्याच्या पुढ्यातच ठेवलं. आता काय करता? हरेशनं खाली मान घालून वाचलं:

पहिली हळद लावायला आईला हाक मारा,
आई गेली पाण्याला, थोडा धीर धरा.
हंडा आला, चुंबळ आली, आई नाही आली,
हळदीची वाटी लेकीच्या मांडीवर सुकली.

सरांनी डोळे मिटून 'वा' म्हटलं. नम्रतानं हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"हा तर माझ्या हळदीतला धवला," ती म्हणाली.

"कसला?" सरांनी विचारलं.

"माझी आय तळ्यावर पानी आनायला गेली ती पाय घसरून गेली. मी चौदा वर्षांची. हंडा न् डोक्यावरची चुंबळ तेवढी काठावर सापडली." तिनं हे कितीदा तरी सांगितलं असावं, कारण आवाज जराही हलला नाही. "माझ्या हळदीला आमच्या गावच्या कमळाआजीनं तिथंच बसून हा धवला केला. माझ्या आयेवर. दीपेश, तू तर ऐकला असशील ना?"

"मी कुठला ऐकायला? माझी हळद तेव्हा आमच्या मांडवात चालली होती गं," दीपेश म्हणाला आणि हरेशकडं बघायला लागला.

तिघंही हरेशकडं बघायला लागले. त्या वेळी तो खरं बोलला असता, तर काय झालं असतं? शाल परत गेली असती, सरांची थाप बंद झाली असती, बस. पण ऐन वेळी माणसाची जीभ कशी वळते बघा.

"वहिनी, ही मी कॉलेजात असताना लिहिलेली कविता," तो म्हणाला. "तेव्हा गावात म्हणून दाखवायचो. कमळाबाईनं तिथूनच उचलली असेल."

उचलली असेल! हे शब्द आपण बोललो, हे कानावर पडल्यावरच त्याला कळलं. पण तोंडून गेलेलं परत कसं घ्यायचं?

"असं होतं हं," अनिलसर लगेच सावरायला आले. "चांगली कविता लोकांच्या तोंडी जाते. कवीचा हा मोठाच सन्मान."

नम्रतानं त्यांचं ऐकलंच नाही. तिचा चेहरा उतरला होता. "म्हंजे माझ्या आयेवर नव्हता तो?" तिनं हळूच विचारलं. "सात वर्षं मी तेच धरून बसलेय. आय गेली, पन तिचं गानं हाय, असं. रोज झोपताना म्हनते मी मनात."

हरेशला वाटलं, आपण आता इथून उठून पळावं. बाईची आई एकदा तळ्यानं नेली होती; दुसऱ्यांदा आपण नेली. पण तो बसून राहिला. आणि नम्रतानं फोन काढला.

"कुणाला लावतेस?" दीपेश म्हणाला.

"आजीला. इचारते. तिनं भावजींचं घेतलं असंल तर घेतलं असंल. मला खरं काय ते कळूदे."

"वहिनी, कशाला उगीच म्हातारीला..." हरेश म्हणाला, पण तोवर रिंग वाजायला लागली होती. तिनं फोन ताटांच्या मधोमध ठेवला आणि स्पीकर लावला.

"कोन गो? नमी?" पलीकडून आवाज आला. मागं माणसांचा गलका होता. "जेवलीस का? मी राघोच्या घरी हाय. उद्या त्याच्या लेकीची, जिवलीची हळद."

"आजी, एक सांग. माझ्या हळदीला तू आयेचा धवला म्हनलीस, तो कुनाचा?"

"कुनाचा म्हंजे? तुझ्या आयेचा. ती न् मी एकाच तळ्यावर पानी भरायचो गो. तू हळदीला बसलीस न् मला ती दिसली. तिथंच आला तोंडात."

नम्रतानं तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ते तिनं पुसलंही नाही. दीपेशनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण बघत होता तो हरेशकडं. अनिलसर मेन्यूकार्ड वाचायला लागले.

"पन आता तो माझा नाय हां," कमळाबाई म्हणाली.

"का?"

"किन्हवलीच्या हरेशनं बुकात छापलाय. भिमाच्या सुनेनं दोनदा वाचून दावला मला. नाव त्याचं हाय तिथं. मंग त्याचाच झाला ना? गेल्या दोन लग्नांत म्हनले नाय मी. दुसऱ्याच्या मालाला हात कसा लावायचा? उद्याचीच पंचाईत हाय. जिवलीला पन आय नाय. राघो म्हनतो, आजे, तोच म्हन. मी म्हनलं, हरेशला इचारल्याबिगर कसा म्हनू? त्याचा नंबर हाय का गो तुझ्याकडं?"

नम्रतानं फोन उचलला आणि हरेशच्या समोर धरला. रागानं नव्हे, फोन देतात तसा दिला. ते त्याला जास्त लागलं.

"आजी," तो म्हणाला. "मी हरेश."

"अरे बाबा! तू तिथंच हायस? बरा भेटलास!"

"आजी, तो धवला तुझा आहे. मी चोरला. पूजाच्या हळदीला मोबाइलात घेतला आणि माझं नाव टाकलं."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं. आता म्हातारी चार शिव्या घालील, त्या पदरात घ्यायच्या आणि घरी जायचं.

कमळाबाई हसली.

"असं नको बोलूस, रे. चोरी कसली? बुक काय खोटं असतं? छापनारी मानसं शिकलेली, त्यांनी इचार करूनच लिवलं असंल. मी अडानी बाई, माझ्या तोंडात आला न् गेला. तू ठेवलास."

"नाही आजी, ऐक..."

"तू ऐक. मला माझं-तुझं नको. राघो उंबऱ्यात उभा हाय, त्याला जबाब द्यायचाय. जिवलीपुरता म्हनू का? तू परवानगी दे, म्हंजे माझ्या जिवाला घोर नाय."

हरेशनं दीपेशकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं. सर पुटपुटले, "तसं लोकसाहित्यात मालकी कुणाचीच नसते," आणि त्या वाक्याला धरून सुटावंसं हरेशला क्षणभर वाटलं, याचीच त्याला किळस आली. नम्रतानं डोळे पुसले.

"द्या, भावजी," ती म्हणाली. "पोरगी थांबलीय तिकडं."

"म्हण, आजी," हरेश म्हणाला. "माझी परवानगी आहे."

"देव तुझं भलं करो, रे बाबा," कमळाबाई म्हणाली, आणि तिकडं वळून मोठ्यानं ओरडली, "राघो, दिला रे हरेशनं! मोठ्या मनाचा हाय पोर!"