हात लावेल तो चोर

लोक तिला स्वतःहून बोलावून घ्यायचे आणि म्हणायचे, "या, आमचं घर फोडून दाखवा." घर म्हणजे कंपनीचं नेटवर्क. त्याला जोडलेले कॅमेरे, प्रिंटर, दारांची इलेक्ट्रॉनिक कुलपं, जे जे म्हणून तारेने किंवा वायफायने बोलतं, ते सगळं ती आपल्या लॅपटॉपवरच्या हत्यारांनी चाचपायची आणि कुठली खिडकी उघडी राहिलीय ते सांगायची. काम मोठं सचोटीचं. मालकाच्या सहीचं परवानगीपत्र हातात आल्याशिवाय ती परक्याच्या प्रिंटरलासुद्धा बोट लावत नसे. याचा तिला भारी अभिमान होता, आणि तो ती चारचौघांत मिरवायचीही.

आता असं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाचं डोकं काही चपलांसोबत दाराबाहेर राहत नाही. तिच्या टीमचा प्रमुख, ज्याला सगळे काका म्हणत, त्याने तिचं नाव शंकेश्वरी ठेवलं होतं. "हिला 'गुड मॉर्निंग' म्हटलं, तरी ही विचारणार, कशावरून?" असं तो म्हणायचा, आणि ती हसण्यावारी न्यायची.

तर या शंकेश्वरीच्या मनात तिच्याच नवऱ्याबद्दल पाल चुकचुकली. नवरा शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायचा. घरीच बसून, खाली मान घालून, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अलीकडे ती खोलीत शिरली की त्याच्या लॅपटॉपचं झाकण खटकन खाली यायचं. "काय चाललंय?" विचारलं तर "काही नाही." फोन टेबलावर पालथा. पासवर्ड बदलला तो बदलला, वर बदलल्याचं सांगितलंही नाही. ते तिला कळलं पाव्हण्यांचे फोटो शोधायला लॅपटॉप उघडला तेव्हा. तसं पाहिलं तर एवढ्याशा गोष्टी. पण सुतावरून स्वर्ग गाठायची सवयच तिच्या धंद्याची होती.

त्याचा लॅपटॉप उघडणं तिच्या हातचा मळ होता. पण परवानगी? ती कुठून आणायची? नवऱ्याकडे जाऊन "माझा तुझ्यावर संशय आहे, जरा सही कर" म्हणायचं? मग तिने एक पळवाट काढली, आणि ही पळवाट तिला सुचली तेव्हा ती स्वतःवर खूश झाली, हे सांगायलाच हवं.

कामावर चोर शिरलाय की नाही याचा पत्ता लागत नसेल, तर नेटवर्कवर एक खोटं यंत्र ठेवून देतात. दिसायला खरं, आतून पोकळ. त्याचं कुणाला कामच नसतं, त्यामुळे सरळमार्गी माणूस तिकडे फिरकत नाही. जो हात लावेल तो चोर. शिवाय आपण कुणाच्या वस्तूला शिवलेलो नसतो. येणारा आपल्या पायाने येतो.

तिने काडेपेटीएवढं एक कॉम्प्युटरचं बोर्ड घेतलं, आपल्या जुन्या पुस्तकांच्या मागे ठेवून वायफायला जोडलं आणि त्याला नाव दिलं 'बेडरूम कॅमेरा'. नाक खुपसणारे आधी कॅमेऱ्याकडेच जातात, हा अनुभव. कॅमेरा कसला, त्याला भिंगसुद्धा नव्हतं. नुसतं पासवर्ड विचारणारं एक पान होतं, आणि पासवर्डही नव्हता. काहीही टाका, उत्तर एकच येणार होतं की पासवर्ड चुकीचा आहे. कुणी दार वाजवलं की तिच्या फोनला कळायचं, एवढीच त्याची करामत.

दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. तिला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

मग एका दुपारी ती एका शीतगृहात बसली होती. तिथल्या थंड खोल्यांचं तापमान राखणारी यंत्रं तपासायची होती. व्यवस्थापक स्वेटर चढवून तिच्या मानेवरून स्क्रीनमध्ये डोकावत होता. खोटं यंत्र ठेवून चोर पकडायची युक्ती तिने त्याला नुकतीच सांगितली होती. "म्हणजे चोराला आपणच खुर्ची द्यायची म्हणा," असं त्याने तिसऱ्यांदा म्हटलं, तेवढ्यात तिचा फोन थरथरला. कॅमेऱ्याचं दार कुणीतरी वाजवलं होतं. पत्ता नवऱ्याच्या लॅपटॉपचा. पुन्हा थरथरला. पुन्हा. नवरा एकामागून एक पासवर्ड टाकत सुटला होता.

"काही सापडलं का?" व्यवस्थापकाने विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली, आणि मग भानावर येऊन तिने त्याच्या यंत्रांकडे पाहिलं.

घरी येताना तिने सगळा खटला मनातल्या मनात चालवून निकालही देऊन टाकला. मन साफ असतं तर त्याने सरळ विचारलं असतं, अगं, हा कॅमेरा कसला? चोरून कुलूप कोण उघडतं? ज्याला आपलं काहीतरी टिपलं गेल्याची भीती असते तो. घर मोडतं ते असंच, असं तिला वाटलं, आणि जिन्यात तिला रडू आलं. तिने डोळे पुसले आणि मगच बेल वाजवली.

"तू आज दुपारी कॅमेरा उघडायला बघत होतास," चपला काढता काढताच ती म्हणाली.

तो दचकलासुद्धा नाही. "म्हणजे तूच लावलायस," एवढंच म्हणाला आणि खुर्चीत बसला.

"उलट मला काय विचारतोस?"

"राउटरच्या ॲपने मला सोमवारीच सांगितलं. घरात नवीन यंत्र आलंय, बेडरूम कॅमेरा. तूच ना ते ॲप माझ्या फोनमध्ये घालून दिलंस? म्हणालीस, सावध राहा. मी पडदे झटकले. घड्याळ काढलं. स्टुलावर चढून पंखा बघितला. सोमवारपासून मी कपडे बाथरूममध्ये बदलतोय."

ज्या यंत्राकडे फिरकायचं कुणालाच कारण नसतं, त्याला 'बेडरूम' हे नाव देऊन तिनेच कारण दिलं होतं. असली चूक नवशिक्यानेही केली नसती.

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तू विचारलंस?"

तिने पुस्तकांमागून बोर्ड काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं, नखाने खरवडलं. भिंग नाही याची खात्री करायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने ते वायरीसकट, चालू तसंच टेबलावर ठेवलं.

"आणि लॅपटॉप का झाकतोस रे माझ्यासमोर?" तिचा आवाज आता खाली आला होता.

"तू मला ती खोटी मेल पाठवली होतीस, पार्सल आल्याची. मी फसलो, पासवर्ड टाकून मोकळा झालो. ठीक आहे, गंमत. पण काकांच्या घरी तू ते सगळ्यांना रंगवून सांगितलंस. माझी नक्कल करून. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. तेव्हापासून तू आलीस की हात आपोआप झाकणाकडे जातो. लपवायला काही नसतं गं. प्रुफंच असतात."

तिला लाज वाटत होती, आणि त्या लाजेचाही राग येत होता.

"मी काय काय टाकलं ते दिसतं का तुला?" त्याने विचारलं.

दिसत होतं. दुपारी तिने फक्त पत्ता बघितला होता, शब्द बघितलेच नव्हते. आता तिने फोनवर नोंद उघडली. तिच्या मेलेल्या मांजरीचं नाव. तिच्या माहेरच्या गल्लीचं नाव. तिच्या पहिल्या स्कूटरचा नंबर, जो ती स्वतः विसरली होती. तिच्या बाबांची जन्मतारीख. शंकेश्वरी, दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं. लग्नाची तारीखही होती, वर्ष तेवढं चुकलेलं. माणूस तिच्या मनाभोवती दुपारभर फिरत राहिला होता, आणि ती त्याला चोर ठरवत जिना चढून आली होती.

"तुझं नाव नाही टाकलंस," ती म्हणाली.

"माझं?" त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं. "ते तू कशाला ठेवशील?"

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तिने परतवला असता.

"तेच होतं," ती म्हणाली.

आयुष्यात ती नवऱ्याशी इतक्या चांगल्या मनाने कधी खोटं बोलली नव्हती. आणि त्याचा चेहरा उजळला. अगदी लग्न ठरलं तेव्हा उजळला होता तसा. "खरंच?" म्हणत त्याने लॅपटॉप पुढे ओढला.

"अरे, राहू दे ना आता. जेवून घेऊ."

"बघतो तरी."

त्याने आपलं नाव टाकलं आणि कळ दाबली. मग, प्रुफं तपासणारा माणूस तो, आपल्याच हातून अक्षर चुकलं असेल म्हणून चष्मा वर सारून त्याने ते पुन्हा एकदा टाकलं, एकेक अक्षर बघत, सावकाश. ती त्याच्या पाठीशी उभी होती. वायर उपटायची तर हात पुढे करावा लागला असता, आणि तो तिला करवेना.

पान पुन्हा तेच म्हणालं. पासवर्ड चुकीचा आहे.

त्याने फक्त लॅपटॉप तिच्याकडे वळवला, तिला नीट वाचता यावं म्हणून.