सासूबाईंच्या आधीची फेरी

…हा एक केस राहिलाच. दाढी करून झाल्यावर हनुवटीखाली सापडावा तसा टायरच्या कडेला ताठ उभा, रबराचा, काळा – तो अंगठ्याने त्याला आडवा करतो, सोडतो, केस पुन्हा उभा. नव्या टायरला असे केस असतात आणि थोडं पळवलं की झडतात, पण हे टायर अजून जमिनीला लागलेच नव्हते. घरापासून इथपर्यंत ते गाडीतून आले होते, नव्या चाकांवर चढवलेले, जुन्या चादरीत गुंडाळलेले, दोन डिकीत आणि दोन मागच्या सीटवर, आणि त्यांच्या शेजारी उरलेल्या वीतभर जागेत सासूबाई अंग चोरून बसल्या होत्या, झोपलेल्या नातवाला धरावं तसा एक हात चाकावर ठेवून. बायकोने दोनदा म्हटलं, आई, तू पुढे ये.

"राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या, "वळणावर ही घरंगळली तर जावईबुवा मलाच खाली उतरवतील."

आता तो जॅकजवळ उकिडवा बसून जुनी चाकं काढतोय आणि नवी चढवतोय, आणि पाना दोनदा हातातून सुटलाय – भीतीने नाही, म्हणजे भीतीनेही असेल, पण लहानपणी सहलीच्या सकाळी जे व्हायचं ते होतंय. पन्नाशीच्या माणसाला. बंद पडलेल्या कारखान्याचं हे आवार, महिन्यातून एका रविवारी इथे केशरी शंकू मांडून वाट आखतात, नागमोडी, मध्ये एक गोल वळसा, शेवटी एक चौकोन ज्यात गाडी थांबवायची, आणि एकेक गाडी एकटीच घड्याळाशी पळते, प्रत्येकाला तीन फेऱ्या. शेजारी कोणी नाही, धडक नाही, बक्षीस म्हणून एक प्लास्टिकचा कप. शंकू पाडला तर दोन सेकंदांचा दंड. मिनिटभरात सगळं संपतं, आणि त्या मिनिटासाठी बँकेतले, शाळेतले, दवाखान्यातले शहाणेसुरते लोक महिनाभर जेवणाच्या ताटावर स्टिअरिंग फिरवत बसतात.

इथे त्याला सगळे 'चष्मे' म्हणतात. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, हनुवटी टेकवतं, तो काचा बदलत विचारतो – हे बरं की ते बरं? – आणि इतक्या वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळलीये, नंबर वाढलाय म्हटलं की माणूस खूश होतो. डोकं दुखतं ते नंबरामुळे, पोरगं नापास झालं ते नंबरामुळे, जिन्यावरून पाय घसरला तो नंबरामुळे… म्हणजे मी नाही, नंबर. हलका होऊन माणूस घरी जातो. तो अशा लोकांना मनातल्या मनात भरपूर हसत आला होता. आणि स्वतः मात्र – पण त्याचं वेगळं होतं. त्याचे टायर खरंच कडक होते.

सासूबाईंनी आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. निम्म्या गावाला गाडी शिकवली, उरलेल्या निम्म्याला दम दिला. गेल्या वर्षी एकदा त्या लेकीला इथे सोडायला आल्या, जरा वेळ हाताची घडी घालून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मी पण मारू का एक? तशाच गेल्या. मागच्या काचेत टिश्यूचा डबा, सीटवर भाजीची पिशवी, आणि त्यातून एक बटाटा सुद्धा न सांडता चष्म्यांपेक्षा दीड सेकंद कमी वेळात आल्या. तेव्हापासून दर महिन्याला. त्या कप घेतात, त्यात पेन उभी करतात, आणि आल्यागेल्याला विचारतात, "हा कप कसला माहितीये?"

माझी चाकं जड आहेत, तो सांगायचा. टायर घसरतात. ब्रेक मऊ आहेत. एकदा जेवताना त्याने हे इतकं सविस्तर सांगितलं की बायकोने चमचा खाली ठेवला.

"आईला हरवायला तू चाकं बदलणार, टायर बदलणार, ब्रेक बदलणार," ती म्हणाली. "ड्रायव्हर बदलायचं काय बघतोस?"

पण निवडण्यातली मजा तिला काय कळणार. ते दोन महिने… दुकानात गिऱ्हाईक काचेतून अक्षरं वाचत असायचं आणि त्याच्या डोळ्यांसमोर टायर. रुंद घ्यावा की अरुंद, मऊ रबर लवकर पकडतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण तापेपर्यंत बर्फावरच्या म्हशीसारखं चालतं. मऊच. शेवटी मऊच! मग चाकं – हलकी हवीत, कारण फिरणारं वजन हे बसलेल्या वजनापेक्षा वाईट. एक चाक छातीशी कवटाळून तो बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभा राहिला, मग चाक ठेवून एकटा उभा राहिला, वजाबाकी केली, आणि जुन्या चाकांपेक्षा चार मिळून सहा किलो वाचले म्हणून उडी मारणार तोच दिसलं की या दोन महिन्यांत त्याचं स्वतःचं वजन सात किलो वाढलंय. बसलेलं वजन, त्याने स्वतःची समजूत घातली. बसलेल्याचं एवढं काही नसतं.

आणि ब्रेक. चाकं हलकी म्हणून एका मापाने लहान घेतली, ब्रेक जोरदार हवेत म्हणून दोन मापांनी मोठे, दोन्ही एकाच दिवशी, एकाच आनंदात. घरी आणून चाक ब्रेकवर चढवायला गेला तर ते चढेना. हाताने ढकललं, गुडघ्याने ढकललं, शेजारच्यांना बोलावून ढकललं. बापाची टोपी लहान, पोराचं डोकं मोठं. टायरवाल्याने येऊन बघितलं, डोकं खाजवलं, म्हणाला, "साहेब, हे दोन्ही मस्त आहेत. पण एका गाडीत नाही." मोठे ब्रेक परत गेले, जुनेच राहिले, पण काहीच न बदलता झोप कशी लागणार, म्हणून जुन्या ब्रेकमध्ये त्याने पॅड तेवढे शर्यतीचे घातले. डबीवर लिहिलं होतं, लालबुंद तापले तरी हार जात नाहीत. हार जात नाहीत! ते वाक्य तो त्या दिवशी जिन्यात स्वतःशी म्हणत होता.

आणि सगळं जमून आलं तेव्हा, परवा, सासूबाईंच्या गाडीचा क्लच गेला.

"या रविवारी तुमच्याच गाडीत मी पण फेऱ्या मारल्या तर चालेल ना हो?" त्यांनी फोनवर विचारलं.

चालेल, तो म्हणाला. बायको बघत होती, दुसरं काय म्हणणार. आणि फोन ठेवल्यावर हळूहळू उजाडलं – तीच गाडी. तेच टायर, तीच चाकं, तेच ब्रेक. आता घड्याळ जे बोलेल ते टायरबद्दल नसेल. ते माझ्याबद्दल असेल. नंबर नाही, मी. त्याला एकदम गार वाटलं, आणि त्याच वेळी, का कोण जाणे, कानशिलं गरम झाली, खूप छान गरम…

"चष्मे, झालं का पाना फिरवून?" झेंडेवाला ओरडतो. "तुमच्या गाडीत दोघं ना, आधी कोण?"

"मी," तो लगेच म्हणतो. हे ठरवून आला होता. मऊ टायर मागच्याच्या वाट्याला येईपर्यंत जास्त तापतात, घसरतात, हे त्याने वाचलं होतं. सासूबाईंना हे सांगायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या, "तुमची गाडी, तुम्ही म्हणाल तसं," आणि तो स्वतःच्या लबाडीवर इतका खूश झाला की हेल्मेट उलटंच घालायला निघाला होता.

झेंडा वर. आणि – अरे! हे टायर! पहिल्याच वळणाला गाडी अशी वळली की कोणी तिचा कान धरून फिरवली असावी, तो हसतोय, हेल्मेटमध्ये एकटाच मोठ्याने हसतोय, शंकू डावीकडून, शंकू उजवीकडून, गोल वळसा, जगात असं काही असतं आणि लोक रविवारी झोपतात, आणि समोर शेवटचा चौकोन, ब्रेक – ब्रेक? पाय फळीवर पडल्यासारखा. फळी घट्ट आहे, हलत नाही, गाडी मात्र चाललीये आपली, निवांत, ओळखीच्या घरी निघाल्यासारखी, चौकोनातून आत, चौकोनातून बाहेर, तीन शंकू आडवे, चौथा गाडीखाली, आणि चौथ्याच्या किंकाळीसकट ती थेट चहाच्या टेबलापर्यंत जाऊन थांबली. टेबलापाशी बायको बसली होती. तिने फक्त स्वतःचा कप उचलून घेतला.

"चष्मे," झेंडेवाला गाडीखालून शंकू ओढत म्हणाला, "लांबचं दिसत नाही का जवळचं?"

सासूबाई बसल्या, सीट पुढे घेतली, आरसा स्वतःला लावला – तिथे आरशात बघायला मागे कोणी नसतं, पण सवय – आणि गेल्या. चौकोनाच्या मधोमध थांबल्या. एकही शंकू नाही. उतरता उतरता म्हणाल्या, "जावईबुवा, ब्रेक मात्र काय बसवलेत, लोणी."

लोणी? माझ्या पायाखाली फळी आणि यांच्या पायाखाली लोणी?

दुसरी फेरी तशीच. मध्ये बाकीच्या सगळ्या गाड्या जातात, पुन्हा त्याचा नंबर येईपर्यंत सगळं थंड; या वेळी दोन शंकू, पुन्हा फळी, पुन्हा चहाच्या दिशेने. बायकोने टेबलच सरकवून ठेवलं होतं. मागोमाग सासूबाई, पुन्हा लोणी. आणि त्या उतरल्या तेव्हा पुढच्या चाकांमधून येणारी ती जळकी ऊब त्याच्या नाकाला लागली, आणि डोक्यात काहीतरी खटकन जागेवर बसलं – हे पॅड लालबुंद तापले तरी हार जात नाहीत, बरोबर. पण गार असताना ते कामालाच येत नाहीत! येताना मागे चाकं आणि सासूबाई, गाडी रांगतच आणली, म्हणून कळलं नाही. शर्यतीचे पॅड, दिवसभर पळणाऱ्या गाड्यांचे. इथे मिनिटात खेळ खलास. पहिला जातो तो नुसते तापवतो, मागून येतो त्याला मिळतात. मी तापवायचे आणि यांनी… आंधळं दळतं आणि – म्हण पुरी करायच्या आधी त्याने मनातच जीभ चावली. सासूबाई समोर उभ्या होत्या.

पण आनंद! काय आनंद झाला! सापडलं. कारण सापडलं. मी नाही, पॅड. तो धावत टेबलाकडे गेला, बायकोला हातवारे करून सांगू लागला, गार, तापलेले, पहिला, दुसरा, म्हणजे दोघांची गाडी एक असली तरी खरं बघता एक नव्हतीच, बघ ना, आईंना वेगळीच गाडी मिळाली, आणि सांगता सांगता आवाज इतका चढला की शेजारच्या दोघांनी ऐकायला आपापल्या गाडीची बॉनेटं खाली केली.

"असं होय," मागून सासूबाई म्हणाल्या. "मग शेवटची फेरी मी आधी जाते. तुम्ही तापलेले घ्या."

"नको नको, आई, तसं नाही… टायर तापतात ना मग. मागच्याला त्रास होतो."

"म्हणून स्वतः आधी जात होतात होय?"

तो टेबलावरचा चमचा उचलून बशीत नीट लावू लागला.

"टायरवर पाणी मारू की," सासूबाई म्हणाल्या. "बाटली आहे माझ्याकडे. अजून काही राहतंय का? नीट आठवून सांगा, मग मागाहून नको."

"सीट पण मागे करून देईल ती," बायको म्हणाली, आणि पहिल्यांदाच दिवसभरात हसली. पण तसं नाही, म्हणजे लागेल असं नाही. उलट ती कप घेऊन उठली आणि दोरीपाशी, अगदी पुढे, जाऊन उभी राहिली. इतक्या रविवारांत ती कधी दोरीपाशी आली नव्हती.

सासूबाई गेल्या. गार ब्रेकवर. त्याने बघितलं – बघायचं नव्हतं तरी बघितलं – चौकोनाच्या कितीतरी आधीच त्यांनी पाय ठेवला होता, दोन फेऱ्या त्याची फजिती त्यांनी फुकट थोडीच बघितली होती, गाडी कुरकुरत, पुढे पुढे सरकत, चौकोनाच्या शेवटच्या वितेवर थांबली. वेळ झाला पाव सेकंदाने जास्त. पाव सेकंद! म्हणजे फळीची किंमत यांच्या पायाला पाव सेकंद, आणि मला चहाचं टेबल. आणि तरीही आत कुठेतरी तेच सहलीच्या सकाळचं, आता तर जास्तच, खदखदू लागलं.

त्यांनी खरंच सीट मागे केली. खरंच टायरवर पाणी शिंपडलं, चारही, तुळशीला घालावं तसं सावकाश. मग खिडकीत वाकल्या. "गोल वळशात घाई करताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "नाही सांगणार होते. पण आता सांगते, म्हणजे तेही राहायला नको."

तो आत बसला. ब्रेकवर पाय ठेवून बघितला – मऊ, जिवंत, खरोखर लोणी. टायर रेषेवर चिकटून बसलेत. चाकं हलकी. वर ऊन आहे, जमीन कोरडी आहे. तो घाईघाईने मनातले सगळे कोपरे चाचपून आला, कुठे एखादी सबब पडलीये का, दंड वाचवायला एखादी, लहानशी तरी… नव्हती. घर रंगवायला काढल्यावर खोली रिकामी करावी तसं आत सगळं मोकळं, आणि आवाज घुमतोय. मला वाटलं होतं या जागी भीती असेल. भीती होती, पण ती एका कडेला उभी राहून बघत होती, बाकीच्यांसारखीच.

गोल वळशात घाई नाही. घाई नाही. पण बाकी सगळीकडे…

झेंडेवाल्याने झेंडा हातात घेतला, मग वारा बघावा तसा उगाच आकाशाकडे बघितला. आणि चष्म्यांना वाटलं, बघू दे त्याला, खुशाल बघू दे, अजून थोडा वेळ झेंडा वर नाही गेला तरी चालेल – मी कसा आहे हे अजून कोणालाच माहीत नाही, मलाही नाही, आणि हे इतकं मजेचं असेल असं कोणी सांगितलंच नव्हतं.