घरची वेळ

नगरच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात राधाकृष्ण एक्स्पोर्टचं काम पाहायचा, आणि सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात त्याच्या टेबलावर संगणक आला तेव्हा साहेबांनी त्यात एक कॅलेंडरही टाकून घेतलं. हे कॅलेंडर भिंतीवरच्यासारखं तिथी, एकादशी सांगणारं नव्हतं. त्यात शहरं भरायची. शिकागोचं गिऱ्हाईक म्हणालं की सकाळी बोलू, तर शिकागोच्या नावाखाली सकाळची वेळ लिहून मोकळं व्हायचं. आपल्याकडे तेव्हा किती वाजलेले असतील हे यंत्रच शेजारी दाखवायचं. त्याआधी राधाकृष्ण हा हिशेब बोटांवर करायचा, आणि एकदा अधिक-उण्याचा घोळ होऊन त्याने एका जर्मन साहेबाला ऐन साखरझोपेतून उठवलं होतं. तेव्हापासून अख्खा कारखाना त्याला कोंबडा म्हणायचा.

संगणकाने कोंबड्याची अब्रू राखली, पण घरची भांडणं काही मिटवली नाहीत. सावेडीतल्या दोन खोल्यांच्या घरात त्याची बायको जयमाला आणि पहिलीत जाणारी राजनंदिनी, म्हणजे राजी, रोज त्याची वाट बघत बसायच्या, आणि शिकागोचा फोन आटोपून स्वारी उगवायची तेव्हा राजी जेवून डोळे चोळत असायची. "साऱ्या जगाच्या वेळा सांभाळता," जयमाला एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आमचीच तेवढी जमत नाही तुम्हाला." ती चिडून म्हणाली असती तर त्याने मनावर घेतलं नसतं. ती शांतपणे म्हणाली, आणि ते त्याला लागलं. पोरगी बघता बघता मोठी होईल आणि आपण फोनच धरून बसलेले असू, हा विचार त्याच्या मनातून जाईना.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने कॅलेंडरात एक नवं शहर भरलं. यादीत नसलेलं गाव आपलं आपण घालायची त्यात सोय होती. इंग्रजी अक्षरांत त्याने 'घर' असं नाव टंकलं, आणि फरकाच्या रकान्यात 'दहा मिनिटं पुढे' असं भरलं. कारण त्याच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढेच होतं. अशी घड्याळं आपल्याकडे घरोघरी असतात. ती कुणालाच फसवत नाहीत, कारण बघणारा प्रत्येक जण मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतो. तरी ती मागे करायची कुणाची छाती होत नाही. राधाकृष्णला वाटलं, घरची कामं घरच्याच घड्याळाने लिहावीत, म्हणजे चुकायला नको. गॅसचा नंबर, राजीचं दाताचं औषध, आणि पुढच्या शनिवारचं तिच्या शाळेचं गॅदरिंग, ज्यात ती भाज्यांच्या नाटकात भेंडी होणार होती, हे सगळं त्याने 'घर'खाली लिहिलं.

शेजारच्या टेबलावरचा गोरक्ष पारनेरकडचा, स्टोअरचं काम बघणारा. त्याने वाकून स्क्रीन पाहिला आणि खो खो हसला. "लई भारी! आता घरी जायला बी व्हिसा काढावा लागंल तुला."

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. राधाकृष्ण वेळेवर निघायचा, राजीकडून भेंडीची वाक्यं म्हणून घ्यायचा, आणि जयमालाच्या बोलण्यातली धार कमी झाली होती. मग एका संध्याकाळी त्याने स्कूटर लावली, चपला काढून आत पाऊल टाकलं, तर जयमालाचं लाटणं मध्येच थांबलं.

"तुम्ही आत्ता बाहेर कधी गेलात?"

"आत्ता तर येतोय."

तिला ती थट्टा वाटली. ओट्यावर त्याचा कप होता, तळाला चहाचा घोट राहिलेला आणि कान अजून कोमट. खुंटीवरचा त्याचा टॉवेल ओला होता. राजी म्हणाली, "बाबा, आणलं का हो दूध?" तेव्हा राधाकृष्णला वाटलं, आपण विसरलो असू, कामाने डोकं भंजाळलंय. तो दूध आणायला गेला, आणि परत आला तेव्हा कुणीच काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर उघडलं तर 'घर'समोर दहा मिनिटांऐवजी पाऊण तास होता. त्याने तो पुसून पुन्हा दहा मिनिटं केली. जेवणाच्या सुट्टीनंतर पाहिलं तर दोन तास. शिकागो, फ्रँकफर्ट, सिंगापूर आपापल्या जागी चोख होती, एकटं घरच पुढे सरकत होतं. गोरक्ष म्हणाला, "आतला सेल उतरला आसंल." सेल बदलला. घर तरीही सरकत राहिलं, पाच तासांवर गेलं. त्या दुपारी राधाकृष्णने घरी फोन लावला, तो राजीने उचलला.

"राजी, मी बाबा बोलतोय."

"बाबा तर इथं जेवतायत," राजी म्हणाली, आणि रिसीव्हरपासून तोंड फिरवून तिने हाक मारली, "बाबा, तुमचा फोन!" पाट सरकल्याचा आवाज आला, मग पावलं, जराशी फरफटत टाकलेली. तशी पावलं कुणाची असतात हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पलीकडून श्वास ऐकू येण्याआधीच त्याने फोन ठेवून दिला.

आता मात्र तो घाबरला, आणि भीतीही अशी, की बोंब मारावी तर काय म्हणून मारायची? संध्याकाळी त्याने धीर करून जयमालाला सगळं सांगायला घेतलं. तिने ऐकून घेतलं, त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "अहो, हे सगळं तुमचं मला सांगून झालंय. मी म्हटलं ना, चार दिवस रजा टाका." तिच्या आवाजात माया होती. त्याला त्या मायेचीच भीती वाटली, कारण ती ज्याला ही समजूत घालून बसली होती तो राधाकृष्ण कधीचा पुढे निघून गेला होता, आणि हा मागे राहिलेला आपला तोंडात मारल्यासारखा उभा होता.

त्याने ते शहरच काढून टाकायचं ठरवलं. यंत्राने नकार दिला. या शहरात अजून कामं बाकी आहेत, तेव्हा ते काढता येणार नाही, असा चौकोन स्क्रीनवर आला. त्याने गॅस काढला, औषध काढलं. गॅदरिंगवर त्याचा हात अडखळला, पण तेही त्याने काढलं. पान कोरं झालं, आणि चौकोन पुन्हा आला, कामं बाकी आहेत. कसली कामं, हे तो काही दाखवीना. साहेबांना सांगावं तर ते म्हणणार, कारखान्याच्या संगणकात घरचे उद्योग करायला कुणी सांगितलं होतं?

शुक्रवारी तो शिकागोचा फोन सोडून निघाला. जे व्हायचं असेल ते होवो, उद्या भेंडीला बघायला आपण पहिल्या रांगेत बसायचं, एवढंच त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. दार ढकललं तर राजी आरशासमोर उभी होती आणि जयमाला खोबरेल तेलाने तिच्या कानामागचा हिरवा रंग पुसत होती.

"बाबा, तुम्ही केवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या!" राजी म्हणाली. "बाईंनी मागं वळून बघितलं."

राधाकृष्ण जमिनीवर बसला. "सांग बरं, काय काय झालं," तो म्हणाला. मग तिने वांगं कसं वाक्य विसरलं, टोमॅटो कसा रडला, आणि शेवटी बाबांनी तिला खांद्यावर घेऊन सगळं मैदान कसं फिरवलं, ते पहिल्यापासून सांगितलं. तो ऐकत राहिला. लग्नाला न गेलेल्या माणसाने लग्नाचं वर्णन ऐकावं तसं त्याने ते ऐकलं, आणि त्याला रडू आलं. जयमाला म्हणाली, "पुरे गं, दमलेत ते."

तरी रात्री अंथरुणावर त्याने स्वतःची समजूत घातली. गॅदरिंग उद्या आहे. ते उद्या होईलच, आणि आपण जाऊच.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. निघण्यापूर्वी त्याने एकदा कॅलेंडर पाहिलं. 'घर'समोरच्या रकान्यात आकडा नव्हता, नुसत्या चांदण्या होत्या. रकान्यात मावणार नाही एवढा आकडा झाला की यंत्र अशा चांदण्या टाकतं. त्याने संगणक बंद केला आणि स्कूटरला किक मारली. मनमाड रस्त्यावर नेहमीचे ट्रक होते, सावेडीच्या नाक्यावर नेहमीचा केळीवाला होता. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती आणि त्यातल्या एकाने त्याला "काका, बाजूला" म्हणून ओरडून सांगितलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

दाराला जाळी बसवलेली होती. ती काल नव्हती. त्याने कडी वाजवली. आतून एक उंच मुलगी आली, ओढणी सारखी करत, एका हातात उघडं पुस्तक धरून, आणि डोकं किंचित कलतं करून तिने जाळीपलीकडून पाहिलं. तसं कलत्या डोक्याने बघणारं माणूस त्याच्या ओळखीत एकच होतं. त्याच्या पाठीशी भर दुपारचं ऊन होतं आणि तिला डोळ्यांवर हात धरावा लागला.

"कोण पाहिजे?"

"पाणी मिळेल का थोडं?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

ती लगेच हलली नाही. मग तिने पाण्याचा पेला आणला, जाळी अर्धवट उघडून त्याच्या हातात दिला, आणि मान वळवून आत म्हणाली, "आई, यांचा आवाज बाबांसारखा आहे गं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मग जयमालाचा आवाज आला, वयाने जाडसर झालेला आणि थोडासा हसरा.

"तुला कुठला आठवतोय गं त्यांचा आवाज? ते गेले तेव्हा तुझी पहिलीची परीक्षासुद्धा झाली नव्हती."