पितळी पट्टीची चार भोके

मित्रांनो, मी एक जुने टपालाचे विमान आहे. हे माझ्याच तोंडून ऐका, कारण आता दुसरे कोणी सांगणार नाही.

कारखान्यात मला जोडले तेव्हा आसनाखाली अंगठ्याएवढी पितळी पट्टी चार स्क्रूंनी बसवली. तिच्यावर माझा क्रमांक कोरलेला होता. पुढे बावीस वर्षे मी पत्रांच्या थैल्या वाहिल्या. इंजिन बदलले, एक पंख बदलला, रंग तर तीनदा चढला. पट्टी मात्र जागची हलली नाही. मग मोठी विमाने आली आणि मला धावपट्टीच्या कडेला गवतात नेऊन टाकले. आसनावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. येणारेजाणारे मला 'डबा' म्हणत.

एका रविवारी घड्याळदुरुस्तीचे काका आले. जुनी विमाने ओळखण्याचा त्यांना भारी नाद. सोबत त्यांची मोठी बहीण, अक्का, वही-पेन्सिल घेऊन. काकांनी डोळ्याला घड्याळाचे भिंग लावून माझ्या खिडक्यांचे कोपरे तपासले, शेपटी मापली, रंगाचे पापुद्रे नखाने उचलले.

"अरे, जेवायला तरी चल. ते काही उडून जात नाही!" अक्का हसून म्हणाल्या.

असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी कोंबडीच्या चोची खात काकांनी आसनाखाली हात घातला. पट्टी पुसली, क्रमांक वाचला आणि चक्क रडले. "अक्का, टपालाची पहिली फेरी केली ती यानंच! बाबा रे, तुला छप्पर मिळवून देतो. शब्द देतो!"

मित्रांनो, मला पुन्हा उडाल्यासारखे वाटले. किती वेडे होते मी!

काकांनी संग्रहालयाला पत्र लिहिले. तिथे माझ्याच जातीचे एक विमान नव्याने बांधून तयार होते, अगदी चकचकीत. फक्त त्याला पूर्वायुष्य नव्हते. उत्तर आले: गंजक्या सांगाड्याला जागा नाही, पट्टी तेवढी द्या, शोधणारे म्हणून तुमचे नाव फलकावर लावू.

काका छोटा पेचकस घेऊन आले.

"अरे, नाव याचं आणि मिरवणार दुसरंच?" अक्का चिडल्या.

"पट्टी ज्याच्यावर, तेच विमान. आम्हा विमानं ओळखणाऱ्यांत असंच मानतात."

"आणि छप्पर? शब्द दिला होतास ना?"

काका आसनाखाली वाकले. एक ओरखडाही न उमटवता त्यांनी चारही स्क्रू काढले. इतका हलका हात, याचाच मला जास्त राग येतो.

परवा त्यांच्या छंदाची मंडळी नोंदी घ्यायला आली. "हे कोणतं हो?" एकाने विचारले.

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "अनोळखी. क्रमांक नाही."

अक्कांनी वही त्यांच्या हातात कोंबली. "मग तूच लिही." आणि काकांनी लिहिले.

मित्रांनो, संग्रहालयात खुशाल जा. त्या नव्या विमानाचा काय दोष? पण मग इथेही या. आसनाखाली हात घाला. कोंबडी चोच मारेल, मारू द्या. बोटांना चार भोके लागतील. मला छप्पर नको, फलक नको. फक्त अनोळखी म्हणू नका हो. मला ओळखले होते. आठ रविवार खपून ओळखले होते.