नावेतली देवी

इवाओने नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेवर रंगवलेल्या नोंदणीचा शेवटचा आकडा खरवडून काढला आणि त्या जागेवरून बोट फिरवून पाहिलं. रंग गेला होता, पण लाकडावर आकड्याचा माग राहिलाच होता. त्याने ओला गाळ चोळून तोही झाकला. धक्क्याच्या पायरीवर त्याचा धाकटा भाऊ मिनोरु गमबूट चढवून तयार बसला होता.

‘सुमियोशी मारू’ ही लाकडी नाव कागदोपत्री मागच्या महिन्यातच मेली होती. इवाओने नवी फायबरची नाव घेतली होती. नियम असा, की एका घराला तांबोशी माशाच्या गळाचा परवाना एकच. नवीला तो हवा, तर जुनी मोडीत काढायची. इवाओने जुनी मोडल्याच्या अर्जावर आपला शिक्का उठवला, जुनीचा परवाना परत केला आणि नाव खाडीच्या आडोशाला आणून बांधली. ती वापरात नसल्याची तपासणी उरकली, की दुपारच्या ओहोटीबरोबर मिनोरु तीच घेऊन बाहेर पडणार होता.

नियम करणाऱ्यांच्या पायाला कधी खारं पाणी लागलेलं नसतं, असं इवाओ चारचौघांत म्हणे. शिवाय तो काही एकटा नव्हता. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन कुरामोतो, त्यांच्या पुतण्याची ‘मेलेली’ नावही दर आठवड्याला समुद्रावर दिसे, आणि ती दिसली की सगळं गाव दुसरीकडे बघे. पण पुतण्याला काका होता. इवाओ पकडला गेला, तर नव्या नावेचा परवानाही जाणार होता.

तरी त्याने हा धोका पत्करला तो मिनोरुसाठी. पंचवीस वर्षं मिनोरु त्याच्या हाताखाली खलाशी म्हणून राबला होता. एका नावेवर दोन तांडेल नसतात, असं म्हणत इवाओने त्याला एकदाही सुकाणू दिलं नव्हतं. जुनी नाव तुझी, हा शब्द मात्र दिला होता.

दहाच्या सुमाराला कुरामोतो जिल्ह्याच्या निरीक्षक बाईंना घेऊन आले. निशिगाकीबाई तिशीच्या, बोलायला मऊ आणि बघायला पक्क्या. इंजिनावर हात ठेवून त्यांनी ते थंड असल्याची खात्री केली. टाकीत काठी घालून पाहिली, ती कोरडी निघाली. बॅटरी आणि डिझेलचे डबे शेडमध्ये जाळ्यांखाली होते. इवाओ शेडच्या दाराकडे पाठ करून उभा राहिला.

“दोर नवा दिसतो,” बाई म्हणाल्या.

“मेलेल्यालाही नवं कापड नेसवतातच की,” इवाओ म्हणाला. कुरामोतो हसले. बाईही जराशा हसल्या आणि त्यांनी वहीत खूण केली.

मग त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

“माझे आजोबा नावा बांधायचे. नाव मोडीत निघाली, की आधी तिची देवी बाहेर काढायचे. त्याशिवाय लाकडाला करवत लावायचे नाहीत.” त्या डोलकाठीकडे बघत होत्या. “हिची काढलीत, इवाओसान?”

डोलकाठीच्या बुडाशी सुतार एक खोबण कोरतो. तिच्यात कागदाच्या बाहुल्यांची जोडी, दोन फासे, बारा नाणी आणि घरच्या बाईच्या केसांची बट ठेवून झाकण ठोकतो. तीच नावेची देवी. या नावेत त्यांच्या आईचे केस होते. गेल्या हिवाळ्यात भर समुद्रात ही देवी रातकिड्यासारखी किरकिरली. ते मिनोरुने ऐकलं आणि दोघे अर्ध्या वाटेवरून परतले. त्याच दुपारी वादळ झालं आणि शेजारच्या गावची नाव परत आली नाही.

नाही म्हणावं, तर नाव जिवंत आहे असंच कबूल करणं. इवाओने मिनोरुकडे पाहिलं नाही.

“काढली,” तो म्हणाला.

 बाईंनी डोलकाठीला नाही, इवाओलाच वाकून नमस्कार केला आणि सही केली. जाता जाता कुरामोतोंनी इवाओला डोळा मारला.

गाडी वळणापलीकडे गेली तसा इवाओला सुटल्यासारखं झालं. तो शेडमधून बॅटरी काखेत मारून आला.

“पाणी उतरतंय. चल.”

मिनोरुने गमबूट काढून पायरीवर जोडीने ठेवले होते.

“मी नाही जात, दादा.”

“आता कसली भीती? सही झाली.”

“सहीचं काय घेऊन बसलास. तू देवीच्या देखत सांगितलंस, ती गेली म्हणून.”

“अरे, तोंडचे शब्द ते. झाकण जसंच्या तसं आहे.”

“मग तू जा.”

इवाओने तिरमिरीत नावेच्या काठावर पाय ठेवला. दुसरा धक्क्यावरच होता. लाटांची चळचळ सोडली तर काहीही ऐकू येत नव्हतं. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याला त्या बाईचा राग आला आणि मग स्वतःचाच आला. खोट्या अर्जावर शिक्का मारताना त्याचा हात जराही अडखळला नव्हता. आता दुसरा पाय उचलवत नव्हता. आईला घराबाहेर काढल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि ते त्याने आपल्याच तोंडाने केलं होतं.

त्याने पाय मागे घेतला.

“छिन्नी आण,” तो म्हणाला.

झाकण फुगलं होतं, निघायला वेळ लागला. बाहुल्यांचा भुगा झाला होता, नाणी हिरवी पडली होती. लाल दोऱ्याने बांधलेली बट मात्र काळीभोर होती. दोघांनी मिळून आईला शेवटचा निरोप दिला, तेव्हा तिच्या डोक्यावर एकही काळा केस उरला नव्हता. मिनोरुने रुमाल पसरला. इवाओने ती बट दोन्ही हातांनी त्यावर ठेवली आणि गाठ मारायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला.

“हिला देवळात देऊन येऊ,” तो म्हणाला. मग समुद्राकडे बघत म्हणाला, “आणि उद्या नवीचं सुकाणू तू धर.”

“आणि तू?”

“मला अजून गळ ओढता येतो.”

 मिनोरु पायरीवर बसला आणि त्याने गमबूट पुन्हा पायात चढवले.